आधी बाजार, मग पुतळा

तेराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये हेन्री डी ब्रॅक्टन या न्यायाधीशाच्या नावावर असलेल्या कायदेग्रंथात बाजाराविषयी एक नियम सांगितला आहे. चालू बाजारापासून सहा मैल आणि वर दोन तृतीयांश मैल एवढ्या अंतराच्या आत कुणी नवा बाजार भरवला, तर तो जुन्या बाजाराला उपद्रव समजावा. हा आकडा कसा काढला, तेही ग्रंथातच दिले आहे. धडधाकट माणूस दिवसाकाठी वीस मैल चालतो असे धरून त्या दिवसाचे तीन वाटे केले आहेत. एक वाटा बाजाराला जाण्याचा, एक तिथे देवघेव करण्याचा आणि एक उजेड आहे तोवर घरी परतण्याचा. नियम सगळीकडे काटेकोर पाळला गेला असे नाही. सनदांवरून गावागावांत तंटे झाले, काही बाजार भरायला लागून दोन पिढ्यांत ओसही पडले. तरी त्यामागचा हिशेब महत्त्वाचा आहे. इंग्लंडच्या नकाशावर बाजारगावे जी एकमेकांपासून विशिष्ट अंतरावर पसरलेली दिसतात, ते अंतर रस्त्यांनी किंवा राजांनी नव्हे, डोक्यावर अंड्यांची टोपली घेऊन निघालेल्या बाईच्या चालीने ठरवले आहे. गावाच्या आतली रचनाही त्याच मापाची. वेशीपासून बाजारचौक, चौकापासून चर्च, चर्चपासून नदीचा धक्का, सगळे दहा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यात. म्हणून इंग्लंडमधली जुनी शहरे पायी पाहावीत हा सल्ला केवळ हौसेचा नाही. ती शहरे ज्या मापाने आखली गेली, त्याच मापाने ती मोजण्याचा तो मार्ग आहे.

पण पायी निघून जायचे कुठून कुठे? प्रवाशांच्या हाती पडणाऱ्या याद्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी कॅथेड्रल, मग किल्ला, मग एखाद्या राजाचा किंवा सेनापतीचा पुतळा, आणि पाय थकले, भूक लागली की बाजार. हा क्रम उलटा करायला हवा असे माझे मत आहे. स्मारक म्हणजे एखाद्या पिढीने, बहुतेक वेळा त्या पिढीतल्या हाती पैसा आणि अधिकार असलेल्या थोड्या लोकांनी, एकदाच घेतलेला निर्णय. तो दगडात किंवा ब्राँझमध्ये उतरला की पुढच्या पिढ्यांना विचारले जात नाही. बाजार मात्र दर आठवड्याला नव्याने ठरतो. कोण बसणार, काय विकणार, कोणाचे वजन खरे धरायचे, परक्याला जागा द्यायची की नाही, भाव चढला तर गरिबाने काय खायचे, हे प्रश्न तिथे सातशे-आठशे वर्षे रोज सोडवले गेले. जुन्या जत्रांत तर बाजारातच न्यायालय भरे आणि फिरत्या व्यापाऱ्याचा तंटा तो गाव सोडण्याआधी मिटवला जाई. बाजारातून निघून पायी स्मारकापर्यंत गेले, की ते स्मारक कोणाच्या पैशाने उभे राहिले, कोणाला धाक घालायला आणि कोणाला विसरायला उभे राहिले, हे उमगू लागते. आधी स्मारकापाशी गेले, तर त्यावर कोरलेले तेवढेच हाती लागते.

नॉरिच हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. अँग्लो-सॅक्सन काळातला तिथला बाजार टूम्बलंड नावाच्या मोकळ्या जागेवर भरत असे. 1066 नंतर नॉर्मन आले, त्यांनी घरे पाडून किल्ल्याची टेकडी उभारली, आणि काही वर्षांतच किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाला, आपल्या फ्रेंच वसाहतीपाशी, नवा बाजार वसवला. तोच आजचा बाजार. नऊशेहून अधिक वर्षे तो त्या उतारावर आहे, आणि आजही रंगीत पट्ट्यांच्या छपरांखाली सुमारे दोनशे गाळे आठवड्याचे सहा दिवस चालतात. वरच्या अंगाला 1930 च्या दशकातली नगरपालिकेची लांबलचक इमारत, शेजारी पंधराव्या शतकाच्या आरंभीचे गारगोटीचे गिल्डहॉल, दुसऱ्या टोकाला व्यापाऱ्यांच्या पैशावर वाढलेले सेंट पीटर मॅनक्रॉफ्टचे चर्च, आणि मान वळवली की किल्ल्याचा चौकोनी बुरूज. सत्तेच्या चारही तऱ्हा बाजाराभोवती उभ्या आहेत, कारण प्रत्येकीला बाजारावर नजर ठेवायची होती. 1549 मध्ये रॉबर्ट केट या जमीनदाराने आपल्याच वर्गाविरुद्ध जाऊन, गावकीची कुरणे कुंपणे घालून बळकावणाऱ्यांविरुद्ध हजारो शेतकऱ्यांचे बंड चालवले आणि हे शहर ताब्यात घेतले. बंड मोडल्यावर पकडलेल्या कित्येकांना बाजारातच फासावर चढवले, आणि केटला किल्ल्याच्या भिंतीवरून लटकवले. बाजार आणि किल्ला यांमधले पाच मिनिटांचे अंतर चालताना या शिक्षेची भाषा लक्षात येते. बाजारात जमणाऱ्या प्रत्येकाला वर पाहायला लावायचे होते. किल्ल्याच्या भिंतीवर केटच्या स्मरणार्थ पाटी लागली ती 1949 साली, बरोबर चारशे वर्षांनी. पाटीला वाट पाहावी लागली. बाजाराने मात्र मधल्या काळात दुसरेच काही करून दाखवले. 1565 मध्ये शहराने नेदरलंड्समधले डच आणि वालून विणकर मुद्दाम बोलावून वसवले, कारण तिथला कापडधंदा मंदावला होता. पंधरा वर्षांच्या आत शहरातला दर तिसरा माणूस परदेशी होता. कुरबुरी झाल्या, निर्बंध घातले गेले, तरी त्यांचे कापड बाजारात टिकले आणि शहर सावरले. त्यांनी सोबत आणलेले पिवळे कॅनरी पक्षी आज तिथल्या फुटबॉल संघाच्या अंगावर आहेत.

सॉल्झबरीत बाजाराभोवती शहर वसण्याची गोष्ट नियोजनातून घडली. डोंगरावरच्या जुन्या सेरममध्ये पाण्याची टंचाई होती आणि किल्ल्यावरच्या शिपायांशी धर्मगुरूंचे पटत नव्हते. बिशप रिचर्ड पूअर यांनी 1220 मध्ये खालच्या कुरणात कॅथेड्रलचा पाया घातला. पण नुसत्या कॅथेड्रलने शहर उभे राहत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून सरळ रेषांत प्लॉट पाडले, मधोमध मोठा चौक सोडला आणि 1227 मध्ये राजाकडून बाजाराची सनद आणली. 123 मीटर उंचीच्या ज्या शिखरासाठी लोक तिथे जातात, ते यानंतर जवळपास शतकभराने चढले. बर्मिंगहॅमजवळ तर कॅथेड्रलही नव्हते आणि मोठी नदीही नव्हती. 1086 च्या महसुली पाहणीत त्या जहागिरीची किंमत अवघी वीस शिलिंग लावली होती. 1166 मध्ये पीटर डी बर्मिंगहॅमने राजाकडून दर गुरुवारी बाजार भरवण्याचा हक्क मिळवला, आणि आजच्या बुल रिंगच्या उतारावर कातडी, लोकर, लोखंड यांचा व्यापार जमू लागला. पुढच्या कारखानदारीचे मूळ त्या उतारावर आहे. इंग्लंडचे दुसऱ्या क्रमांकाचे शहर एका आठवडी बाजारातून उगवले, हे तिथल्या कुठल्याही पुतळ्यावरून कळत नाही. तिथला पहिला सार्वजनिक पुतळा 1809 चा आणि तो आहे नेल्सनचा.

ब्रिस्टलमध्ये हे सारे एका रस्त्यात पाहता येते. कॉर्न स्ट्रीटवर एक्स्चेंज या व्यापारगृहाच्या इमारतीसमोर ब्राँझचे चार गोल, उंच मेजासारखे खांब आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचे. व्यापारी त्यांवर पैसे मोजून सौदा पुरा करत, आणि नाणी घरंगळू नयेत म्हणून काठाला उंचवटा ठेवलेला आहे. मागची इमारत जॉन वूड यांनी बांधली आणि 1743 मध्ये ती उघडली. तिच्या पोटात आणि पाठीशी सेंट निकोलस मार्केट आजही भरलेले असते. भिंतीवरच्या घड्याळाला मिनिटांचे दोन काटे आहेत, कारण सूर्याच्या हिशेबाने ब्रिस्टल लंडनच्या सुमारे दहा मिनिटे मागे आहे, आणि रेल्वे आल्यावरही शहराने 1852 पर्यंत लंडनची वेळ अधिकृतपणे स्वीकारली नव्हती. आता तिथून पाच-सात मिनिटे चालत गेले की एक रिकामा चबुतरा लागतो. त्यावर एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा होता. आफ्रिकन माणसे पकडून विकणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तो अधिकारी, आणि ब्रिस्टलमधल्या शाळांचा, गरिबांसाठीच्या निवाऱ्यांचा देणगीदार. तो मेला 1721 मध्ये, पुतळा उभा राहिला 1895 मध्ये. म्हणजे ज्यांनी उभारला त्यांच्यापैकी कुणीही त्याला पाहिले नव्हते. त्यांना कामगारांच्या संपांनी हादरलेल्या शहरात दानशूर व्यापाऱ्याचा एक आदर्श हवा होता, आणि वर्गणी जमवतानाही त्यांची दमछाक झाली. 7 जून 2020 रोजी जमावाने तो दोर लावून पाडला आणि बंदराच्या पाण्यात ढकलला. आता तो रंगाच्या डागांसकट संग्रहालयात आडवा ठेवला आहे. एका व्यक्तीचे पुण्यस्मरण म्हणून जे उभे होते, ते एका शतकाच्या गरजेचे स्मारक होते, हे कॉर्न स्ट्रीटवरून चालत आलेल्याला लवकर पटते.

इथेच माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. बाजाराला तुम्ही प्रामाणिक म्हणता, पण ब्रिस्टलच्या बाजाराने काय सांगितले? 1698 ते 1807 या काळात तिथून दोन हजारांवर जहाजे गुलामांच्या व्यापारासाठी निघाली आणि सुमारे पाच लाख माणसे त्यांनी अटलांटिकपार नेली. ती माणसे ब्रिस्टलच्या बाजारात विकली गेली नाहीत. ती जमैकात, बार्बाडोसमध्ये, व्हर्जिनियात विकली गेली. ब्रिस्टलच्या मेजांवर पोहोचली ती साखर, तंबाखू, रम आणि हुंड्या. ग्राहकाला वास आला तो साखरेचा. म्हणजे अन्याय लपवण्याचे काम बाजाराने पुतळ्यापेक्षा अधिक सफाईने केले. पुतळ्यावर निदान एक नाव तरी होते, ज्याच्याकडे बोट दाखवता आले. हा आक्षेप खरा आहे आणि त्यामुळे माझे विधान आखडते घ्यावे लागते. बाजार कबुलीजबाब देत नाही. पण तो पुरावा ठेवतो. एक्स्चेंजच्या दर्शनी भागावर वेगवेगळ्या खंडांतली माणसे, त्यांची जनावरे आणि त्यांचा माल कोरला आहे. त्या पिढीला तो अभिमानाचा विषय होता, म्हणून लपवावेसे वाटले नाही. पुतळा कोल्स्टनला शहरातला दानी म्हणून दाखवत होता, आणि पैसा आला कुठून हे गाळत होता. बाजाराच्या भिंतीवर पैशाची वाट कोरलेली आहे, आणि माणसांवर काय बेतले हे गाळलेले आहे. दोन्हींतले गाळलेले जोडून घ्यायचे तर दोन्हींच्या मधले अंतर चालावे लागते. शहरानेही पुढे तेच केले. बंदरावरच्या एका पादचारी पुलाला 1999 मध्ये पेरो या गुलामाचे नाव दिले गेले. नेव्हिस बेटावरच्या मळेवाल्याने त्याला नोकर म्हणून ब्रिस्टलला आणले होते. चालणाऱ्यांसाठीच्या पुलाला ते नाव मिळाले, याचे मला समाधान वाटते.

मँचेस्टरला गेल्यावर ही वाट आपल्या दारापर्यंत येते. तिथले रॉयल एक्स्चेंज म्हणजे कापूस आणि कापड यांचा सौदा होणारे प्रचंड सभागृह. एकेकाळी जगातले सर्वांत मोठे व्यापारगृह म्हणून ते मिरवत असे. 1968 मध्ये सौदे थांबले, 1976 पासून आत नाट्यगृह आहे, आणि वरच्या फलकावर शेवटच्या दिवसाचे भाव तसेच ठेवले आहेत. तिथून दक्षिणेला चालत गेले की लिंकन स्क्वेअरमध्ये अब्राहम लिंकनचा पुतळा भेटतो. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष इथे का? 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, आणि लँकेशरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. लाखो कामगारांच्या चुली विझल्या. तरीही 1862 च्या अखेरच्या दिवशी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये जमलेल्या कामगारांच्या सभेने गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा दिला, आणि लिंकनने पुढच्या महिन्यात त्यांना आभाराचे पत्र लिहिले. हे स्मारक खरे आहे, उचित आहे. पण ते अर्धे आहे. उरलेले अर्धे मुंबईत आहे. मँचेस्टरची उपासमार सुरू झाली तेव्हा वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने मुंबईच्या बंदरातून निघू लागला. मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्यांच्या शेअरवर वेडा सट्टा झाला, आणि 1865 मध्ये युद्ध संपताच सगळे कोसळले. पेढ्या बुडाल्या, घराणी उद्ध्वस्त झाली. त्याच उधाणातले व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. लँकेशरच्या कामगाराची भूक आणि मुंबईच्या सट्टेबाजाची श्रीमंती हे एकाच भावफलकाचे दोन रकाने होते. लिंकनच्या चबुतऱ्यावर त्यातला पहिलाच कोरला आहे; एक्स्चेंजच्या फलकाखाली उभे राहिले की दोन्हींचा विचार सुचतो.

त्याच फ्री ट्रेड हॉलची जागा आणखी एक गोष्ट शिकवते. ती जागा म्हणजे सेंट पीटर्स फील्ड. 16 ऑगस्ट 1819 रोजी मताधिकार मागायला जमलेल्या सुमारे साठ हजारांच्या शांत सभेवर घोडदळ सोडले गेले, किमान पंधरा माणसे मेली, शेकडो जखमी झाली. पुढे त्या जागेवर जी भव्य वास्तू उठली ती या मृतांसाठी नव्हे, धान्यावरची आयातबंधने उठवणाऱ्या विजयाच्या गौरवासाठी. 1972 मध्ये तिच्यावर निळी पाटी लागली, आणि तीत लष्कराने सभा पांगवली एवढेच होते, माणसे मेली हे नव्हते. ती बदलायला 2007 उजाडावे लागले, आणि पुरते स्मारक 2019 मध्ये, दोनशे वर्षांनी झाले.

श्रूजबरीत, जे कायद्याने शहर नसून नगर आहे, बाजार आणि पुतळा यांच्यात फारसे अंतरच नाही. चौकात 1596 ची बाजाराची दगडी इमारत आहे. वेल्सच्या डोंगरांतून येणारे लोकरी कापड तिच्या माडीवर विकले जाई आणि खाली धान्य. तिच्यासमोर 1860 पासून रॉबर्ट क्लाइव्हचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. क्लाइव्ह या नगराचा खासदार होता, महापौरही. वेल्सचे कापड आणि चौकातला पुतळा यांच्यामध्ये बंगालची लूट आहे, आणि मराठी वाचकाला हेही आठवावे की प्लासीच्या आदल्या वर्षी, 1756 मध्ये, अॅडमिरल वॉटसनच्या आरमाराबरोबर तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेणाऱ्यांत क्लाइव्ह होता. पेशवे त्या मोहिमेत इंग्रजांचे दोस्त होते. लूट मात्र इंग्रजांनी आपसांतच वाटून घेतली. 2020 मध्ये पुतळा हटवण्याची मागणी झाली, पण तो जागेवर राहिला. राहू द्यावा असेच मला वाटते. त्यामागचे बाजाराचे घर कापड-धान्याच्या देवघेवीवर जगलेल्या नगराची आठवण देते, आणि तुलना करण्यासाठी दोघांनाही एका नजरेत ठेवणे चांगले.

दुसरा आक्षेप आजच्या काळातून येतो. जुन्या बाजारांचे आता प्रदर्शन झाले आहे, असे लोक म्हणतात. यॉर्कच्या शॅम्बल्स या अरुंद गल्लीत शतकानुशतके खाटकांची दुकाने होती. खिडक्यांखालच्या रुंद फळ्या आणि आकड्या अजून दिसतात, पण आज तिथे खाटीक उरलेला नाही, पर्यटकांसाठी मिठाई आणि जादूगारांच्या कांड्या मिळतात. लंडनच्या बरो मार्केटमध्ये घमेल्याएवढ्या तव्यावरचे जेवण घ्यायला रांग असते आणि शेजारच्या वस्तीतल्या माणसाला तिथली भाजी परवडत नाही. हे सगळे खरे आहे. पण यावरून बाजार मेला असे ठरत नाही, फक्त कोणत्या बाजाराकडे जायचे ते ठरते. लीड्सच्या कर्कगेट मार्केटमध्ये 1884 साली मायकेल मार्क्स या पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू निर्वासिताने सगळ्या वस्तू एका पेनीला विकणारा ठेला मांडला. इंग्रजी धड बोलता येत नसलेल्या माणसाला भाव सांगण्याची गरजच पडू नये, अशी ती सोय होती. पुढे मार्क्स अँड स्पेन्सर या नावाने ती दुकाने देशभर झाली. तो बाजार आजही स्वस्त कापड, मासळी आणि आफ्रिका-आशियातल्या भाज्यांनी भरलेला आहे. लेस्टरमध्ये 1972 ची कथा अजून ताजी आहे. इदी अमीनने युगांडातून भारतीय वंशाच्या लोकांना हाकलले, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन त्यांना आपल्या शहरात येऊ नका म्हणून सांगितले. ते आले. त्यांनी बेलग्रेव्ह रोडवर दुकाने थाटली, सातशे वर्षांच्या बाजारात भेंडी आणि कोथिंबीर आणली, आणि आज तेच शहर त्यांच्या दिवाळीचा अभिमान सांगते. त्या बाजारापासून थोड्याच अंतरावर कॅथेड्रलमध्ये तिसऱ्या रिचर्डचे थडगे आहे. 1485 मध्ये लढाईत पडलेल्या या राजाचा सांगाडा 2012 मध्ये वाहनतळाखाली सापडला आणि 2015 मध्ये सन्मानाने पुरला गेला. राजाला पुन्हा स्वीकारायला शहराला पाचशे वर्षे लागली. निर्वासितांना स्वीकारायला एक पिढी पुरली, आणि ते काम मुख्यतः बाजाराने केले.

तरीही बाजारावर भाबडा विश्वास ठेवू नये, यासाठी यॉर्कमध्ये आणखी एक फेरी आवश्यक आहे. मार्च 1190 मध्ये तिथल्या ज्यूंनी, सुमारे दीडशे स्त्री-पुरुष-मुलांनी, जमावाच्या भीतीने किल्ल्याच्या लाकडी बुरुजात आसरा घेतला. वेढा पडला, बहुतेकांनी आत स्वतःचा अंत करून घेतला, बुरूज जळाला, आणि जे शरण आले त्यांनाही मारले. आज त्या टेकडीवर दिसणारा दगडी क्लिफर्ड्स टॉवर नंतरच्या शतकातला आहे. ही केवळ धर्मवेडाची कथा मानली, तर टेकडीपाशी थांबता येईल. पण जमाव तिथे थांबला नाही. तो शहर ओलांडून मोठ्या चर्चमध्ये, मिन्स्टरमध्ये गेला, आणि तिथे ठेवलेली ज्यू सावकारांच्या कर्जाची कागदपत्रे त्याने जाळली. पुढाऱ्यांत कर्जबाजारी जमीनदार होते. चर्च, किल्ला आणि कर्ज यांचा हा संबंध टेकडीपासून मिन्स्टरपर्यंत चालत गेले की नकाशाशिवाय समजतो, आणि वाटेत बाजाराची गल्ली लागते. बाजार परक्याला जागा देतो हे मी वर म्हटले. त्याच बाजारातले देणे बुडवण्यासाठी परक्याला मारलेही जाते. टेकडीच्या पायथ्याशी यासाठी पाटी बसवली गेली ती 1978 मध्ये.

लंडनमध्ये लेडनहॉल मार्केटची छपराखालची रंगीत कमान 1881 ची आहे, पण तिच्याखाली रोमन लंडनचा चौक आणि सभागृह गाडलेले आहे. तिथल्या एका केशकर्तनालयाच्या तळघरात त्या सभागृहाच्या खांबाचा अवशेष अजून आहे. म्हणजे त्याच जमिनीवर दुसऱ्या शतकातही सौदे होत होते. बाजाराला लागून, आज जिथे लॉइड्सची पोलादी इमारत आहे, तिथे ईस्ट इंडिया हाऊस होते. 1668 मध्ये वर्षाला दहा पौंड खंडाने मुंबई बेट मिळवलेल्या कंपनीचा कारभार इथूनच चाले, आणि तिच्या गोदामांतल्या मसाल्यांचे, कापडाचे, चहाचे लिलावही इथेच होत. ती वास्तू 1860 च्या दशकाच्या आरंभी पाडली गेली. अर्ध्या हिंदुस्थानावर राज्य केलेले घर नाहीसे झाले, कोंबड्या आणि चीज विकणारा शेजारचा बाजार राहिला.

शेवटी स्मिथफील्ड, कारण तिथे या प्रश्नाचा निकाल सध्या लागतो आहे. शहराच्या तटाबाहेरच्या या मोकळ्या मैदानावर आठशे वर्षांहून जास्त काळ जनावरांचा आणि पुढे मांसाचा बाजार भरला. तिथेच 1305 मध्ये स्कॉटलंडच्या विल्यम वॉलेसला हालहाल करून मारले, 1381 मध्ये शेतकऱ्यांच्या बंडाचा पुढारी वॉट टायलर याला राजासमोर तलवारीने पाडले, आणि मेरी ट्यूडरच्या काळात प्रॉटेस्टंटांना जाळले. कारण उघड आहे, गर्दी आयती मिळत होती. स्मारकांचा क्रम पाहा. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या दरवाजावर आठव्या हेन्रीचा पुतळा 1702 चा, जाळलेल्यांची पाटी 1870 ची, वॉलेसची 1956 ची, टायलरची 2015 ची. जितका माणूस खालचा, तितका दगड उशिरा. 1855 मध्ये जिवंत जनावरे इथून हलवली, 1868 मध्ये होरेस जोन्स यांची मांसबाजाराची इमारत उघडली आणि तिच्या तळघरातून रेल्वेने माल येऊ लागला. शेजारच्या रिकाम्या पडलेल्या बाजारघरात आता लंडनचे संग्रहालय थाटले जात आहे, आणि 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सिटी ऑफ लंडनच्या महापालिकेने मांसबाजार बंद करण्याचा निर्णय घेतला. बाजाराचा हक्क संसदेच्या कायद्याने दिलेला असल्यामुळे तो काढून घ्यायलाही संसदेतच विधेयक न्यावे लागते, आणि व्यापाऱ्यांना निदान 2028 पर्यंत तिथे धंदा करण्याची मुभा आहे. संग्रहालय चांगले होईल, यात मला शंका नाही. त्यात वॉलेस आणि टायलर यांना त्यांच्या योग्यतेची जागा मिळेल. पण खाटकाच्या हातात सुरी आहे, हुंडीच्या जागी फोनवरून सौदा होतो आहे, आणि भावावरून दोन माणसे भांडत आहेत, हा पुरावा काचेमागे ठेवता येत नाही. ज्याला हे शहर समजून घ्यायचे आहे त्याने संग्रहालयाच्या आधी त्या गाळ्यांकडे जावे, आणि पहाटे जावे, कारण तिथला व्यवहार मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास सुरू होतो आणि सकाळी सातपर्यंत बहुतेक आटोपलेला असतो.